जाड तारा, चार स्प्रिंगा आणि "हात लावू नका"

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या आपल्या पोरांमध्ये दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली अशी की ट्रेमोलो असलेल्या गिटारला जाड तारा चालत नाहीत. लावल्या तर ब्रिज उचलला जातो आणि गिटार सुरात राहत नाही. दुसरी अशी की ट्रेमोलोचे काम दुकानातल्या माणसाचे, आपण मागचे झाकण उघडायचे नाही. मी या दोन्ही समजुती तपासून पाहिल्या आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या. पहिलीत निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चूक आहे. दुसरीत तर निरीक्षणही नाही, नुसता धाक आहे. म्हणून हा लेख.

आधी हा प्रश्न माझ्यापुढे का आला ते सांगतो. आमच्या गायन पार्टीत पेटी, ढोलकी, ऑक्टोपॅड, बेंजो आणि माझी एक गिटार आहे. गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची, सेकंडहँड घेतलेली, तिला नऊच्या तारांचा सेट. आमचे मुख्य गायक भाऊ पंचवीस वर्षांपासून गातात. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचा आवाज एक पट्टी खाली उतरला. यात नवल काही नाही, वय झाले की अनेक गळ्यांचे असेच होते. पण एप्रिलमध्ये आमचे एका रात्रीत दोन-दोन कार्यक्रम असतात, आणि वरच्या पट्टीत तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर भाऊंचा गळा बसू लागला. पार्टीत कुजबुज सुरू झाली की आता एखादा तरणा गायक पाहावा. माझे म्हणणे एवढेच होते की माणूस बदलण्याआधी वाद्य बदलून पाहू. पेटीवाल्याला एक पट्टी खाली सरकायला वेळ लागत नाही. गिटारवर मात्र कॅपो लावून सूर वर नेता येतो, खाली नेता येत नाही. आणि आमचे निम्मे तुकडे उघड्या तारांवर बसवलेले. तेव्हा सगळी गिटारच अर्धा सूर, म्हणजे पेटीवरची एक पट्टी, खाली लावायची असे ठरले.

नऊच्या तारा अर्धा सूर उतरवल्या की ढिल्या पडतात. फ्रेटवर आपटून खरखरतात, बोट जरा जोरात दाबले तरी सूर चढतो. उपाय सरळ होता, अकराचा सेट लावायचा. शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथले उत्तर तयार होते. "दादा, या गिटारला जाड तारा नाही चालणार. ट्रेमोलो लॉक करून देतो, आणि एक सांगतो, मागे उघडून हात लावू नका." मी कारण विचारले. कारण मिळाले नाही. "आम्ही रोज हेच करतो" एवढे मिळाले. रोज करणे हा अनुभव असतो, पण अनुभवाने कारण सांगता आले पाहिजे. जो कारण सांगत नाही आणि वर हातही लावू देत नाही, त्याच्या सल्ल्याची चिकित्सा करणे हे आपले कामच आहे.

मुळात हे यंत्र आहे तरी काय? आपल्याकडे तुणतुण्याची खुंटी पिळली की सूर चढतो. हलगी शेकोटीवर धरली की कातडे ताणले जाते आणि आवाज खणखणतो. ताण वाढला की सूर वर, ताण उतरला की सूर खाली. ट्रेमोलोत याहून वेगळे शास्त्र नाही. स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारमध्ये ब्रिजची प्लेट पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकलेली असते, आणि मागची कड मोकळी असते. प्लेटच्या खाली धातूचा एक ठोकळा गिटारच्या पोटात लोंबतो. त्या ठोकळ्याच्या खालच्या टोकाला स्प्रिंगा अडकवलेल्या असतात, आणि त्यांची दुसरी टोके पत्र्याच्या एका पंजाला. हा पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेला असतो. वरून सहा तारा प्लेटला पुढे ओढतात, खालून स्प्रिंगा ठोकळ्याला पुढे ओढतात. टेकू मध्ये असल्यामुळे ही दोन ओढणी एकमेकांविरुद्ध काम करतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की प्लेट अधांतरी स्थिर राहते. दांडी दाबली की तारा ढिल्या होतात आणि सूर उतरतो. सोडली की प्लेट पुन्हा त्याच जागी येते.

दोन्हीकडचा ताण किलोत सारखा असतो असा अर्थ मात्र घेऊ नका. तारांचा जोर टेकूच्या जरासा वर लागतो, स्प्रिंगांचा जोर टेकूपासून बराच खाली, ठोकळ्याच्या टोकाला. लांब पहारीने थोड्या जोरात मोठा दगड हलतो, तसेच इथे आहे. स्प्रिंगा कमी जोरातही तारांना तोलून धरतात. आता तारा जाड लावल्या तर तराजूचे एक पारडे जड झाले. प्लेटची मागची कड उचलली जाणारच, तारा बोटांपासून दूर जाणारच. दुकानदाराचे निरीक्षण इथपर्यंत बरोबर आहे. पण एक पारडे जड झाले तर दुसऱ्या पारड्यात वजन घालतात, तराजू खिळे ठोकून बंद करत नाहीत.

आता इतिहास पाहू, कारण "ही गिटार जाड तारांसाठी नाही" हा दावा इतिहासाचाच आहे. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी तयार झाली. ती बनवणारे लिओ फेंडर हे मूळचे हिशेबनीस, नंतर रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवणाऱ्यांना विचारून, बदल करून, पुन्हा त्यांच्याच हातात देऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना घडवली. त्या काळात गिटारच्या तारा आजच्यापेक्षा जाड असत, तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली असे. बारीक तारांचे तयार सेट एर्नी बॉल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणले. म्हणजे ट्रेमोलो आधी आला, बारीक तारा नंतर आल्या. त्या पंजाला पाच स्प्रिंगांची जागा आहे. तीनच लावून आलेली गिटार पाहून आपण समजतो की क्षमता तेवढीच. इंग्लंडमध्ये शॅडोज या वाद्यवृंदाचे हँक मार्विन यांनी १९६०च्या आसपास जाड तारांच्या स्ट्रॅटवर ट्रेमोलोची दांडी हातात धरूनच आपला सूर घडवला. टेक्सासचे स्टीव्ही रे व्हॉन यांच्या पहिल्या तारेची जाडी तेरा होती, गिटार अर्धा सूर उतरवलेली, आणि दांडी ते मनसोक्त वापरत. मग जे यंत्र जाड तारांच्या काळात जन्मले ते जाड तारांना चालत नाही, हे कोणी ठरवले?

जाता जाता नावाचेही सांगतो. सूर खालीवर हलतो त्याला संगीतात व्हायब्रॅटो म्हणतात, आवाज लहानमोठा होतो त्याला ट्रेमोलो. फेंडर यांनी सूर हलवणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटले, आणि त्यांच्याच कंपनीच्या अनेक अँपवर आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणाखाली व्हायब्रॅटो छापले गेले. सत्तर वर्षे सारे जग तेच चुकीचे नाव वापरत आहे, मीही वापरतो. मोठ्या माणसाने सांगितले आणि सगळ्यांनी उचलले म्हणून गोष्ट बरोबर ठरत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता आकडे. नऊची तार म्हणजे ०.००९ इंच जाडीची, अकराची म्हणजे ०.०११ इंच. लांबी आणि सूर तोच ठेवला तर साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नवाचा वर्ग ८१, अकराचा १२१. म्हणजे जाडी जेमतेम बावीस टक्के वाढली तरी ताण जवळपास दीडपट झाला. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर नेहमीच्या सुरात नऊच्या सेटच्या सहा तारा मिळून साधारण ३८-३९ किलो ओढतात, दहाच्या ४६-४७, अकराच्या ५३च्या आसपास.

पण ताण फक्त जाडीने ठरत नाही, सुरानेही ठरतो. अर्धा सूर उतरवला की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, पूर्ण सूर उतरवला की सुमारे २० टक्के. ५३ मधून ११ टक्के काढा, उरतात ४७. म्हणजे अर्धा सूर उतरवलेला अकराचा सेट आणि नेहमीच्या सुरातला दहाचा सेट यांचा ताण जवळजवळ सारखाच! दहाचे सेट तर गल्लोगल्ली स्ट्रॅटवर लावलेले आहेत, दुकानदारही लावून देतो. मग अकरा ऐकताच भीती कशाची? भीती आकड्याची आहे. गणित कोणी केलेले नाही. माझ्यासाठी प्रश्न एवढाच उरला की ३८ किलोंसाठी बसवलेली मागची बाजू ४७ किलोंसाठी कशी बसवायची.

काम मी असे केले. मागचे झाकण उघडले. पंजाला एक वायर सोल्डर केलेली असते ती आधी पाहून ठेवली. ती तुटली तर अँपमधून घूं असा आवाज येत राहतो. जुन्या तारा सैल करून काढल्या आणि चौथी स्प्रिंग अडकवली, आधीच्या तीनसारखीच, त्याच जातीची. मग प्लेटची मागची कड लाकडापासून किती वर हवी ते ठरवले. स्ट्रॅटसाठी प्रचलित माप आठवा भाग इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. मापासाठी विशेष हत्यार लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते; चार जुनी कार्डे एकावर एक ठेवली की ३ मिलिमीटर. कार्डे प्लेटखाली सरकवली, आणि पोटातल्या ठोकळ्याच्या मागे, गिटारच्या बुडाकडच्या बाजूला, लाकडाची पाचर बसवली. पाचरीमुळे ठोकळा मागे जाऊ शकत नाही, म्हणून तारा कितीही ओढल्या तरी प्लेट उचलली जात नाही.

हे का करायचे ते समजून घ्या, कारण बहुतेक पोरे इथेच वैतागतात. अधांतरी प्लेटवर एक तार चढवली की प्लेट किंचित पुढे झुकते आणि बाकी पाच तारा उतरतात. त्या चढवल्या की पहिली उतरते. तासभर खुंट्या पिळूनही सूर लागत नाही आणि माणूस म्हणतो, गिटारच खराब. पाचर असली की प्लेट स्थिर असते, सहाही तारा एकदाच सुरात लागतात. मी नव्या तारा लावल्या, अर्धा सूर खाली ट्यूनरवर नीट मिळवल्या, प्रत्येक तार हाताने ओढून तिची ढिलाई काढली आणि पुन्हा मिळवल्या. मग पंजाचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आत घेत गेलो. स्क्रू लाकडात जाताना जड वाटला तर जोर करू नका; त्याला मेणबत्तीचे मेण लावा. काही फेऱ्यांनंतर स्प्रिंगांची ओढ तारांच्या ओढीइतकी होते आणि पाचर आपोआप सैल पडते. पाचर काढली, कार्डे काढली, प्लेट जागच्या जागी राहिली. किरकोळ फरक राहिला तो पाव फेऱ्यात गेला.

तीन स्प्रिंगा ठेवून स्क्रू जास्त आवळला असता तर? तोल तसाही साधता आला असता. इथे निवड आहे, आणि ती वाजवणाऱ्याने करायची आहे. स्प्रिंगा कमी आणि जास्त ताणलेल्या असतील तर दांडी हलकी चालते, पण एक तार बोटाने खेचली की प्लेट हलते आणि बाकीच्या तारा जास्त उतरतात. स्प्रिंगा जास्त असतील तर दांडी कडक होते, पण तार खेचताना बाकीचा सूर कमी ढळतो. मी मींड खूप घेतो, दांडी थोडी वापरतो, म्हणून चार. तुमचे वाजवणे वेगळे असेल तर तुमचे उत्तर वेगळे असेल. दुकानात लॉक करून दिले असते तर ही निवडच माझ्या हातातून गेली असती.

तोल साधला म्हणजे काम संपले असे नाही. ताण वाढला की गिटारची मान पुढे वाकते. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा घट्ट करा, एका वेळी तेवढाच, आणि थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा पाहा. मग तारांची उंची. मग बारावा फ्रेट: तिथे बोट नुसते टेकवून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एकच आला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचे सॅडल मागे घ्या. जाड तार जास्त ताठ असते, म्हणून बहुतेक वेळा सॅडल थोडे मागेच जाते. क्रम असाच ठेवा: तोल, मान, उंची, बारावा फ्रेट, आणि शेवटी पुन्हा तोल. उलट क्रमाने केले तर प्रत्येक पायरी आधीची पायरी बिघडवते.

आणि एक जागा कोणी पाहत नाही, ती म्हणजे नट. खाच नऊच्या तारेसाठी कापलेली, तिच्यात अकराची तार अडकते. ट्यून करताना टिंग असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून चढला तर समजा, तार नटमध्ये अडकली आहे. दांडी दाबून सोडल्यावर गिटार बेसूर होते त्याचा दोष लोक स्प्रिंगांना देतात, पण अपराधी बहुधा नट असतो. खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासा. तेवढ्याने भागले नाही तर खाच बारीक कानशीने रुंद करा. खोल मात्र करू नका, खोल झालेली खाच परत भरून येत नाही. याच पायरीवर नीट कानशी असलेल्या कारागिराची मदत घेणे शहाणपणाचे. कारागिराला माझा विरोध नाही. विरोध कारण न सांगणाऱ्या मक्तेदारीला आहे.

काही मित्र उलट टोकाला जातात: जाड तारा म्हणजे मर्दपणा, जाड तारा म्हणजे मोठा आवाज. हीसुद्धा समजूतच. बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामगार होते. यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. त्यांनी बोटांना स्वतः टोप्या बनवल्या, गिटारला मुद्दाम बारीक तारा लावल्या, पुढे सूरही उतरवला, आणि ब्लॅक सॅबथमधून जगाला जड संगीत दिले. तेव्हा तार किती जाड हा अभिमानाचा विषय नाही. तुमच्या बोटांना, तुमच्या सुराला, तुमच्या गायकाला काय हवे, हा प्रश्न आहे. आमच्या पार्टीला भाऊंचा गळा हवा होता, म्हणून अकरा.

निकाल सांगतो. ही गिटार आता एक अख्खा हंगाम वाजली आहे, उघड्या मंडपात, विदर्भाच्या एप्रिलमध्ये, हॅलोजनच्या झोताखाली. तारा तापल्या की किंचित उतरतात, दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनर पाहावा लागतो. तो नऊच्या तारांवरही पाहावा लागत होता. प्लेट आहे तिथेच आहे. भाऊ रात्रीचे दोन्ही कार्यक्रम गातात. तरण्या गायकाची चर्चा थांबली. एक मुलगा भाऊंच्या मागे कोरसला उभा राहून शिकतो आहे, आणि तेच योग्य आहे.

मित्रांनो, "तुम्हाला नाही जमणार" हे वाक्य ऐकले की दोन प्रश्न विचारा: का नाही जमणार, आणि हे आत उघडून दाखवाल का? ज्याला खरेच माहीत आहे तो दाखवतो. जो दाखवत नाही त्याच्याकडे बहुधा दाखवण्यासारखे काही नसते. आमच्या पार्टीतल्या तीन पोरांनी आता माझ्यासमोर हे काम स्वतःच्या हाताने केले आहे. एक पद्धत आम्ही ठेवली आहे, तुम्हीही ठेवा. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहायचे: तारीख, तारांचा सेट, सूर कोणता, स्प्रिंगा किती, प्लेटची फट किती. पुढे ती गिटार कोणाच्याही हातात गेली तरी त्याला कोणाच्या दारात जाऊन विचारावे लागू नये.